जिवंत माणसाची प्रेतयात्रा : मतभेदाची किंमत आणि १८८१ ते १८९५ चे पुणे

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात एक प्रेतयात्रा निघाली. तिरडीवर प्रेत नव्हते, पुतळा होता. ज्याचा तो पुतळा, तो माणूस त्याच शहरात जिवंत होता, शिकवत होता, लिहीत होता. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. ही यात्रा त्यांनी स्वतः पाहिली, असेही सांगितले जाते. हा प्रसंग आपण सर्वांनी शाळेत ऐकलेला आहे. परंतु एक सुशिक्षित, वृत्तपत्रे वाचणारे शहर या टोकाला कोणत्या पायऱ्यांनी पोहोचले, हे सहसा सांगितले जात नाही. आजचा थ्रेड त्या पायऱ्यांविषयी.

२/ आरंभ मैत्रीपासून करावा लागतो. आगरकर (जन्म १४ जुलै १८५६, टेंभू, कऱ्हाडजवळ) आणि बाळ गंगाधर टिळक हे डेक्कन कॉलेजातील सोबती. सरकारी नोकरी न पत्करता आयुष्य शिक्षणाला वाहून घ्यायचे, हा दोघांचा निश्चय. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, एम. ए. होऊन आगरकर त्यात सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ निघाले. ‘केसरी’चे पहिले संपादक टिळक नव्हेत, आगरकर होते, हे अनेकांना आजही ठाऊक नसते.

३/ १८८२ मध्ये कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी दोन्ही पत्रांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस राहिले. आगरकरांनी पुढे या दिवसांवर पुस्तक लिहिले. रात्री त्यांचे वाद इतके रंगत, की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे. दोन माणसे एका कोठडीत राहून कडाक्याने भांडू शकत होती आणि सकाळी तेच दोघे मित्र असत. हे चित्र लक्षात ठेवा. थ्रेडच्या शेवटी त्याकडे परतायचे आहे.

४/ याच खटल्यातील आणखी एक गोष्ट. दोघांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये हवे होते. ते उभे करण्यास जोतीराव फुले यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे आले. ज्या गटाच्या लेखणीने फुल्यांवर कठोर टीका केली होती, त्या गटातील दोन तरुणांच्या मदतीला सत्यशोधक मंडळी धावली. मत पटत नसले तरी माणूस आपला मानता येतो, याचा हा पुरावा. तो याच पुण्यातला आहे आणि प्रेतयात्रेच्या फार आधीचा नाही.

५/ मग काय बिघडले? पहिला तडा ‘केसरी’च्या कचेरीत गेला. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर आगरकरांना बोलायचे होते, तेही आत्ताच आणि स्पष्ट शब्दांत. टिळकांचा क्रम वेगळा होता. आधी राजकीय बळ. समाजसुधारणा हळूहळू, शिक्षणाने, आतून व्हावी. परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे. दोन्ही बाजूंना युक्तिवाद होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. टिळकांना खलनायक करून हा इतिहास समजत नाही.

६/ या सैद्धांतिक वादाला एक चेहरा मिळाला, तो रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये तो फिरला : नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांची पत्रे या खटल्यात त्यांच्या विरोधात उभी राहिली.

७/ ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. बरोबर एका वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी ‘सुधारक’ काढला. मराठी बाजू आगरकरांकडे, इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे. आता एका शहरात दोन पत्रे होती. वरवर पाहता ही चांगलीच गोष्ट. प्रत्यक्षात एक बदल घडला : जो वाद आजवर एका कचेरीत समोरासमोर होत होता, तो आता आपापल्या वाचकांसमोर होऊ लागला. मित्राला पटवायचे असते तेव्हा शब्द वेगळे निघतात. आपल्या बाजूच्या टाळ्या हव्या असतात तेव्हा वेगळे.

८/ येथे आगरकरांनाही सवलत देऊ नये. त्यांची लेखणी बोचरी होती. रूढीची चिकित्सा करताना ते रूढी पाळणाऱ्याची टरही उडवीत. धर्मग्रंथांत सुधारणेला आधार शोधण्याची रानडे, भांडारकर यांची पद्धत त्यांना मान्य नव्हती. बुद्धीला पटते तेवढे पुरे, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे सनातनी तर दुखावलेच, पण सुधारकांतील मवाळ मंडळीही त्यांच्यापासून थोडे अंतर राखू लागली. माणूस एकटा पडतो तो केवळ शत्रूंमुळे नव्हे.

९/ दुसरी पायरी : चहा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली. महादेव गोविंद रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हा सारा बेत घडवून आणला होता. थोड्याच दिवसांत उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्रात छापून आली.

१०/ यादीत नाव आले, एवढे पुरेसे ठरले. कोण प्याले आणि कोण नाही, हा तपशील उरला नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशीसाठी दोन शास्त्री नेमले गेले आणि ‘ग्रामण्य’ सुरू झाले. हा शब्द आज आपल्या कानांना अपरिचित आहे. ग्रामण्य म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद व त्याची कारवाई. ते कसे चालत असे, हे समजल्याशिवाय या काळातील भीती समजत नाही.

११/ ग्रामण्यात कोणी मारहाण करीत नसे. कोणी तुरुंगात टाकीत नसे. फक्त उपाध्याय घरी यायचा थांबे. श्राद्ध आले तर ब्राह्मण मिळत नसत. पंक्तीचे आमंत्रण येत नसे आणि आपण दिलेले कोणी स्वीकारीत नसे. मुलीचे लग्न जुळत नसे; लग्न झालेल्या मुलीला माहेरी पाठवायला सासर कचरत असे. थोडक्यात, मत एका पुरुषाचे असे, आणि दंड त्याची आई, बायको, मुलगी भरीत असत. या यंत्रणेची खरी ताकद येथे होती.

१२/ म्हणून पुढे जे घडले ते समजून घेताना घाई करू नये. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरीही सनातन्यांचे समाधान झाले नाही आणि त्यांच्या घरच्या धर्मकार्यांत अडचणी येत राहिल्या. ज्यांना आपण सनातनी गटाचे नेते समजतो, त्यांनाच सनातनी वाळीत टाकत होते! टोकाची भूमिका घेणाऱ्यांना आपला नेताही पुरेसा शुद्ध वाटत नाही, हा धडा या चहाने दिला.

१३/ रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. स्वतःला काही चुकले असे वाटले म्हणून नव्हे. मित्रांच्या घरच्या अडचणी सुटाव्यात म्हणून. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाने झालेल्या मनस्तापाविषयी लिहिले आहे. सुधारकांत त्यामुळे मोठी निराशा पसरली. रानडे भित्रे होते का? मला तसे वाटत नाही. त्यांच्यापुढे एका बाजूला तत्त्व होते आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या घरातील दुःख. ग्रामण्य अशीच निवड माणसापुढे ठेवते, की कोणतेही उत्तर दिले तरी माणूस लहान व्हावा.

१४/ तिसरी पायरी : कायदा. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मृत्युमुखी पडली. त्या वेळी कायद्यातील संमतिवय दहा वर्षे होते. जानेवारी १८९१ मध्ये ते बारा करण्याचे विधेयक मांडले गेले आणि १९ मार्च १८९१ रोजी संमत झाले. वाढ अवघी दोन वर्षांची. पण त्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्र आणि बंगाल पेटून उठले.

१५/ टिळकांची या काळातील एक सूचना आज विसरली गेली आहे. सुधारणा हव्या असतील, तर त्या मागणाऱ्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, असे त्यांनी सुचवले : मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करणार नाही, हुंडा घेणार नाही, इत्यादी. म्हणजे विधेयकातील वयापेक्षा टिळकांनी सुचवलेले वय मोठे होते! त्यांचा विरोध वयाला नसून सरकारी हस्तक्षेपाला होता. दुसरीकडे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राच्या आधारेच विधेयकाचे समर्थन केले. तोडग्याला जागा होती.

१६/ ती जागा कोणी वापरली नाही. टिळकांच्या सूचनेत सुधारकांना त्यांची कोंडी करण्याचा डाव दिसला; भांडारकरांच्या शास्त्राधारात विरोधकांना पळवाट दिसली. पुण्यात विधेयकाच्या समर्थकांची सभा विरोधकांनी उधळून लावली. समोरचा काय म्हणतो यापेक्षा तो कोणत्या बाजूचा आहे, हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला. ज्या मुलींच्या जिवाचा प्रश्न होता, त्या या गदारोळात कोठेच ऐकू येत नव्हत्या.

१७/ संस्थाही फुटू लागल्या. टिळक १८९० च्या अखेरीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. त्याला आर्थिक शिस्तीचे, आजीव सदस्यांच्या बाहेरच्या कामांचेही कारण होते. फर्ग्युसन कॉलेजात रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये एक अबोल शिक्षक आले : धोंडो केशव कर्वे. १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

१८/ ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने ठराव केला : यांच्याशी बैठकीचा संबंध ठेवायचा नाही, आणि हे घरी उतरले तर घरच्यांवरही बहिष्कार. कर्व्यांना आपल्याच आईच्या घरी राहण्याची चोरी झाली. पुन्हा तोच डाव : शिक्षा त्या माणसाला नव्हे, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना. कर्व्यांनी ती मुकाट्याने सोसली आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९५८ मध्ये देशाने त्यांना भारतरत्न दिले.

१९/ परंतु वाळीत टाकणारे नेहमी दुसऱ्याच बाजूचे असतात, या भ्रमात राहू नये. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले. विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. सुधारकांच्या सहनशीलतेलाही एक कुंपण होते, आणि रमाबाई त्याच्या पलीकडे उभ्या होत्या.

२०/ आणि हे सारे ‘पुण्याचे’ भांडण म्हणताना कोणते पुणे, हेही विचारावे. दोन्ही बाजूंचे बहुतेक पुढारी ब्राह्मण पांढरपेशे होते. १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण पाठवले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला ज्यात स्थान नाही त्या सभेत आपण का यावे, हा त्यांचा प्रश्न होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी, चहाचे प्रकरण गाजत असताना, फुले वारले. अप्रिय मतांतही एक उतरंड असते : काही मतांशी भांडले जाते, काहींची गणतीच होत नाही.

२१/ १७ जून १८९५. दम्याने जर्जर झालेले आगरकर गेले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. ज्याची प्रेतयात्रा शहराने हौसेने काढली होती, त्याने खऱ्या प्रेतयात्रेसाठी शहराकडून काहीच अपेक्षिले नव्हते. ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. इतक्या वर्षांच्या वैरानंतर आपल्या जुन्या मित्राचे मोठेपण त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले.

२२/ येथे कथा संपली असती तर ती हळवी झाली असती. ती संपली नाही. जुलै १८९५ मध्ये टिळकांच्या गटाने सार्वजनिक सभेचा ताबा घेतला. पुढच्या वर्षी रानड्यांच्या गटाने वेगळी डेक्कन सभा काढली. डिसेंबर १८९५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरले. काँग्रेसच्याच मंडपात सामाजिक परिषद भरवण्याची प्रथा होती. ती भरली तर मंडप पेटवून देऊ, अशा धमक्या आल्या. रानड्यांनी माघार घेऊन परिषद वेगळ्या मंडपात घेतली.

२३/ आता हिशेब मांडू. १८८१ मध्ये एक कचेरी होती. १८८८ मध्ये दोन पत्रे झाली. १८८२ मध्ये एक कोठडी होती. १८९५ मध्ये दोन मंडप झाले. मते १८८१ मध्येही वेगळीच होती. मतभेदाने पुणे फुटले नाही. फुटले ते दोन गोष्टींनी : एक, मतभेद असलेल्यांनी समोरासमोर बसणे थांबवले, दोन, मताचा दंड माणसाच्या घरावर बसू लागला. पहिल्या गोष्टीने समजूत संपली, दुसरीने धैर्य.

२४/ आणि तिसरा घटक, ज्याचे नाव कोणत्याच यादीत छापले गेले नाही : गप्प राहिलेले लोक. ग्रामण्य चालवायला थोडेच कडवे लोक लागतात. ते टिकवायला मात्र शेकडो सज्जन लागतात, ज्यांना मनातून सारे अनुचित वाटते, पण ‘आपल्याला कशाला’ म्हणून जे त्या घरी जेवायला जायचे टाळतात. आगरकरांच्या पुतळ्याला खांदा देणारे मोजके असतील. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणारे किती होते?

२५/ आज उपाध्याय येईनासा झाला म्हणून कोणी भीत नाही. पण यादीत नाव छापणे, कोण प्याले याची शहानिशा न करणे, मताबद्दल माणसाच्या आईबहिणीला बोल लावणे, आपल्याच बाजूच्या माणसाला पुरेसा शुद्ध नाही म्हणून हाकलणे : यांतले काय जुने झाले आहे, ते ज्याने त्याने ठरवावे. आपल्या बाजूची उदाहरणे आधी आठवावीत, एवढीच विनंती.

२६/ बाजू घेऊ नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. संमतिवयाच्या वादात एक बाजू अधिक बरोबर होती, आणि आज आपण सर्व तिच्याच बाजूला उभे आहोत. पण ती बाजू त्या वेळी अल्पमतात होती. आगरकरांना गप्प करण्यात ते शहर पूर्ण यशस्वी झाले असते, तर आपल्याला बरोबर काय हे कळायला आणखी किती पिढ्या लागल्या असत्या? अप्रिय मत सांभाळायचे ते त्या माणसावर उपकार म्हणून नव्हे. आपण चुकत असू, तर ते सांगणारा कोणी शिल्लक असावा म्हणून.

२७/ शेवटी पुन्हा डोंगरी. पंचवीस-सव्वीस वर्षांचे दोन तरुण, एक कोठडी, रात्रभर चाललेला वाद, आणि ‘हळू बोला’ म्हणणारा पहारेकरी. त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याला पूर्णपणे पटवू शकला नाही, पुढेही कधी नाही. तरी त्या १०१ दिवसांत दोघेही एकमेकांचे ऐकत होते. उठून जाण्याची सोयच नव्हती. बाहेर आल्यावर ती सोय मिळाली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाने त्या सोयीची मोठी किंमत मोजली.

थ्रेड समाप्त. दुरुस्त्या आणि मतभेद, दोन्हींचे स्वागत आहे.